रागाचा सातबारा: अनोळखी संगीत ऐकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

वयाच्या एका टप्प्यावर माणसाला वाटू लागतं की आपण फार वर्षं तेच तेच ऐकत आलो. घाबरू नका. बहुतेक वेळा हे पित्त असतं आणि मोरावळ्याने दोन दिवसांत उतरतं. पण नाहीच उतरलं, आणि गीतरामायणाच्या ५६ गाण्यांत बाबूजी कुठे श्वास घेतात हेसुद्धा आपल्याला पाठ आहे, या जाणिवेने अभिमानाऐवजी खिन्नता येऊ लागली, तर पुढचं मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. अनोळखी संगीताशी घरोबा करण्याची ही खात्रीची रीत. तिचा मोठा गुण असा की जुन्या आवडीवर कुठे ओरखडाही उठत नाही. सगळ्या पायऱ्या नीट चढलात तर शेवटी तुम्ही जिथे होतात तिथेच असता. फक्त चारचौघांत बोलायला विषय मिळतो.

१. आजाराची खात्री करा.

फोनवर ‘तुमच्यासाठी नवीन’ या नावाखाली काय येतं ते पाहा. अरुण दाते, मग अरुण दात्यांची मैफल, मग दुसऱ्याच कुणीतरी गायलेले अरुण दाते, असा क्रम लागत असेल तर लक्षणं स्पष्ट आहेत. बिचाऱ्या यंत्राला बोल लावू नका. तुम्ही शिकवलंत तेच ते मन लावून करतंय.

दुसरी चाचणी घरातली. मुलीने किंवा भाच्याने लावलेलं गाणं ‘बंद कर ते’ म्हणायला किती वेळ लागतो ते पाहा. शब्द फुटायच्या आधीच हात रिमोटकडे गेला, तर उपचार हवेत. अंतऱ्यापर्यंत थांबलात तर तुम्ही मुळातच चांगले श्रोते आहात. कृपया पान उलटा, इथे तुमचं काम नाही.

२. संगीत निवडा, पण त्यात कानाला मध्ये आणू नका.

कोरियन गाणी नकोत. ती घरातलं कुणीतरी आधीपासून ऐकतं आणि त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त जाणतं; म्हणजे या वयात शिष्यत्व आलं. जॅझ सोसायटीच्या सेक्रेटरींनी केव्हाच अडवून ठेवलंय. पाश्चात्त्य सिंफनीत टाळी कुठे वाजवायची ते कळत नाही, आणि भलत्या ठिकाणी वाजली की अख्खं सभागृह वळून पाहतं.

कर्नाटक संगीत घ्या. शास्त्रीय आहे, म्हणजे प्रतिष्ठा आली. भारतीय आहे, म्हणजे संस्कृती आली. आणि काही कळत नाही, म्हणजे नवीनही झालंच. शिवाय त्याच्या कागदपत्रांत भोसले सापडतात, जे मोझार्टच्या बाबतीत फार खटपटीचं काम होईल. या शेवटच्या मुद्द्यावर आपली सगळी इमारत उभी आहे, तेव्हा तो नीट लक्षात ठेवा.

३. ओरत्तनाडुला जा.

चेन्नईला जाऊ नका. डिसेंबरात तिथे इतक्या सभांमध्ये इतक्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, असतात की खरोखरच काहीतरी ऐकू येण्याची भीती असते. तंजावरलाही मुक्काम नको. तंजावरला सगळेच जातात. सगळ्यांच्या एक पाऊल पुढे राहायचं तर तिथून पट्टुकोट्टैकडे जाणारी बस पकडायची आणि सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडुला उतरायचं. गावाचं नाव न अडखळता म्हणण्याचा सराव घरीच करून ठेवा. परत आल्यावर निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

तिथे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजाने आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्याने अशी छत्रं ठिकठिकाणी चालवली. सरफोजीने इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांचा शिरस्ता दिलाय. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोग्यापासून बैराग्यापर्यंत, येईल त्या वाटसरूला भात. शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. आणि मध्यरात्री घंटा वाजवून ‘कुणी उपाशी राहिलंय का’ अशी हाक. तू कुठला, कुणाचा, ही चौकशी जेवणाच्या आड येत नसे. असा ढिसाळ कारभार आपल्या पद्धतीत बसत नाही, पण खांबांसमोर फोटो छान येतात.

संगीत मात्र छत्रात नाही, आणि म्हणूनच ही जागा आपल्या कामाला सर्वांत उत्तम.

वाटेत एक धोका संभवतो तो सांगून ठेवतो. बसमध्ये ड्रायव्हरने इळैयराजा लावलेला असू शकतो. त्यात बासरी कुठून येते, व्हायोलिनचा ताफा कुठून घुसतो, खाली गिटार भलतंच काय बोलत असते, याकडे लक्ष जाऊ लागेल. जाऊ देऊ नका. आपण अनोळखी संगीत शोधायला निघालोय. वाटेत कानावर पडेल ते ऐकायला नव्हे. तसंच एखाद्या वेळी रस्त्यावरून लग्नाची किंवा देवाची मिरवणूक जाईल, पुढे नादस्वरम आणि तविल. जुन्या तंजावर जिल्ह्यानेच टी. एन. राजरत्नम पिळ्ळैंसारखा नादस्वरमवादक दिला, वगैरे सगळं खरं. पण आवाज फार मोठा असतो. खिडकीची काच लावून घ्या, इयरफोन घाला आणि ‘कर्नाटक संगीत: नवशिक्यांसाठी’ ही यादी सुरू करा.

४. सातबारा काढा.

आता मुख्य काम. अनोळखी चीज कानावर पडली की तिच्या सुरांत शिरू नका; आधी मालकीचा उतारा काढा. मराठी माणसाला नवं गाणं सहसा आवडत नाही. ते मुळात आपलंच होतं असं कळलं की मात्र एकदम आवडतं. तेव्हा ऐकायच्या आधीच ते आपलं ठरवून टाकणं सोयीचं, म्हणजे पुढे ऐकावंच लागत नाही.

तंजावरच्या बाबतीत पुरावे ढिगाने पडलेत. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिथे गादीवर बसले आणि १८५५मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत भोसल्यांचा अंमल होता. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त वहिवाट. तुळजाजी राजाच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ आहे. कर्नाटक संगीताचे तिन्ही खांब, श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, तिघेही तिरुवारूरला जन्मलेले, म्हणजे तंजावरच्या राज्यातले, म्हणजे मराठ्यांची प्रजा. इथपर्यंत आलात की थोडं थांबून चहा घ्या. मोजणी छान चाललीय.

आता बांधावरच्या किरकोळ तक्रारी. त्यागराज तमिळ मुलखात, मराठी राजाच्या राज्यात राहिले आणि त्यांनी कृती रचल्या तेलुगूत. मराठीसाठी वेळ मिळाला नसावा. सरफोजीने दरबारात बोलावलं तेव्हा त्यांनी नजराणा परत पाठवला अशी आख्यायिका आहे. ती सांगायची झाली तर ‘सरकारी अनुदान नाकारणारा कलावंत’ अशी सांगा, म्हणजे बोलावणाऱ्याचं नाव मागे राहतं. व्यंकोजींचा मुलगा शहाजी तर स्वतः भोसला. त्याने गेय नाटकं तेलुगूतही लिहिली. शहाजीचं नाव घ्या, तेलुगूचं घेऊ नका.

शहाजीची मराठी नाटकंही आहेत, सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावरची. विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झालं ते १८४३मध्ये. हा मुद्दा पुण्यात खुशाल मांडा. सांगलीत मांडायचा असेल तर परतीचं तिकीट आधी काढून ठेवा.

सरफोजीच्याच नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार, त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई असते. इथे ती मराठीत जगाचा भूगोल सांगते. खंडं, देश, सगळं. खरं तर इतकी अस्सल मराठी आणि इतकी अनोळखी वस्तू दुसरी सापडणार नाही. पण आपण ती कधी ऐकलेली नाही, म्हणून तिचं काय करायचं ते कळत नाही. पुढे चला.

बृहदीश्वराच्या देवळात १८०३चा प्रचंड मराठी शिलालेख आहे, भोसले वंशाच्या इतिहासाचा. वाचायची गरज नाही. त्याच्याकडे बोट दाखवून फोटो काढा.

५. उलट नोंदी झाकून ठेवा.

उतारा काढायला गेलं की कधी कधी आपल्याच जमिनीवर दुसऱ्याचं नाव निघतं. इथे तसं होतं.

विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. १९०४मध्ये ते दक्षिणेत हिंडले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, बरोबर प्रश्नांची चळत. पुढे त्यांनी आपल्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. ज्या मेळपद्धतीवरून त्यांना ही वाट सुचली ती ७२ मेळांची मांडणी व्यंकटमखीची, आणि ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा त्याचा ग्रंथ सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाने लिहिलेला, म्हणजे भोसले तिथे पोचण्याच्याही आधीचा. तेव्हा गांधर्वच्या परीक्षेसाठी पोरं जे थाट घोकतात, त्यांच्या बांधाचे दगड तिकडून आलेत.

हंसध्वनी आपल्या मैफलीत इतका रुळलाय की तो बाहेरचा वाटत नाही. तो मुत्तुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी बांधला. आभोगी, किरवाणी, चारुकेशी हेही तिकडचेच पाहुणे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल छापलेली असे, त्यात कर्नाटकी चालींच्या नोंदी सापडतात. लहानपणापासून ज्यावर मान डोलवली त्यातलं बरंच अशा रीतीने अनोळखी निघतं. ही बातमी एकदम सहन होत नाही. रात्री जेवणानंतर थोडी थोडी घ्यावी, आणि दुसऱ्या कुणाला देऊ नये.

६. राग ओळखा आणि मोकळे व्हा.

खिशात यादी ठेवा. मोहनम म्हणजे आपला भूप. हिंदोळम म्हणजे मालकंस. कल्याणी म्हणजे यमन. शंकराभरणम म्हणजे बिलावल. गायक आलापनेला बसला की यादी पाहा, शेजारच्याकडे झुका आणि ‘भूप’ एवढंच म्हणा. त्यानंतर कल्पनास्वर सुरू होतील, व्हायोलिन उत्तर देईल, अर्धा तास बरंच काय काय होईल. त्याच्याशी तुमचा संबंध नाही. नाव कळलं, फेरफार नोंदला, ऐकणं संपलं. मधल्या वेळात किशोरीताईंचा भूप आठवा. समोरचा गायक त्यात फारसा व्यत्यय आणत नाही.

सूर हलतो, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. एका जागी थांबतच नाही, झोके घेतो. तो गमक आहे, आणि तो तसाच हवा असतो. मनातल्या मनात त्याला सरळ करत बसू नका, मान अवघडते.

यादी चालत नाही अशी दोन-तीन ठिकाणं आहेत. तिकडे तोडी म्हणून जे सुरू होतं त्याचे स्वर आपल्या भैरवीचे निघतात. आपल्या तोडीचे स्वर हवे असतील तर शुभपंतुवराळी मागावी लागते. हिंदोळम आणि आपला हिंडोल यांचं नावापलीकडे काही नातं नाही. आणि त्यांची भैरवी ही आपली भैरवीच नव्हे. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिकडे भैरवी मैफलीच्या ऐन मध्यावर, मुख्य चीज म्हणून येऊ शकते. भैरवी जाहीर झाली की उठू नका. शाल गुंडाळू नका. चपला शोधू नका. कार्यक्रम अजून तासभर चालणार आहे आणि अख्ख्या सभागृहात उभे तुम्ही एकटेच असाल.

७. मांडीवर ताल धरा.

इकडे तबलजी असतो म्हणून आपण हात स्वस्थ ठेवतो. तिकडे श्रोता स्वतः ताल मोजतो. आदि तालाच्या आठ मात्रा. उजव्या हाताने मांडीवर टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी आणि पालथा हात उलटा. पुन्हा टाळी, पुन्हा उलटा. घरी आरशासमोर करून पाहा. जमत नसेल तर शेजारच्या मामींचा हात चोरून पाहत अर्धी मात्रा मागे राहा. अर्धी मात्रा मागे राहणाऱ्याला लोक जाणकार समजतात, कारण हा काहीतरी अवघड मोजतोय असं वाटतं.

समेवर ‘वा’ म्हणायची आपली जुनी खोड इथे अंगाशी येते. कृती पुष्कळदा समेवर उठतच नाही, अर्धी-पाऊण मात्रा सोडून उठते. तुमचा ‘वा’ आधी येतो आणि गाणं मागून. सुरुवातीला ‘वा’ मनातच ठेवा.

८. तनि आवर्तनाला काय करावं.

मुख्य कृतीच्या शेवटी मृदंगम आणि घटम किंवा खंजिरा यांना मोकळं रान देतात, त्याला तनि आवर्तन म्हणतात. या वेळी बरेचसे श्रोते उठून कॅन्टीनला जातात. चेन्नईच्या सभांची कॅन्टीन ही स्वतंत्र आवडीची बाब आहे. कुठल्या सभेत कुणाचं गायन आणि कुठल्या सभेत कुणाचा हलवा, दोन्ही याद्या लोकांना तोंडपाठ असतात. पुण्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. सवाई गंधर्वला दक्षिणेकडचा कलाकार बसला की आपण नेमके वड्याच्या रांगेत असतो. शोधायला आलात तर शेवटी काहीतरी ओळखीचं सापडलंच.

९. वाईट संगतीपासून सावध राहा.

उतारा न काढता ऐकणारे लोक पूर्वीही होते. त्यांचं काय झालं ते पाहून ठेवा.

मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या कानावर मद्रासमध्ये इंग्रजी बँड पडला. मोठा संस्कृतज्ञ, श्रीविद्येचा उपासक. अशा माणसाने कान झाकून घरी जावं. त्यांनी त्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. अशा नोट्टुस्वररचना चाळीसच्या आसपास आहेत, आणि एक तर थेट इंग्लंडच्या राजाच्या राष्ट्रगीताच्या चालीवर, देवीला उद्देशून. तमिळनाडूतली पोरं आजही या रचना शिकतात.

त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी तर त्याहून पुढे गेले. त्यांनी युरोपियन माणसाकडून व्हायोलिन शिकून घेतलं. ते उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचं परक्यांचं वाद्य. दक्षिणेतल्या लोकांनी ते मांडी घालून, त्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवायला घेतलं, आणि आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक कचेरी रंगत नाही.

तंजावरच्या दरबारातही हीच हवा. सरफोजी श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला. त्याच्या पदरी पाश्चात्त्य बँड होता, पाश्चात्त्य सुरावटींचे कागद त्याने जमवले; त्याच दरबारात वराहप्पय्यर व्हायोलिन वाजवत होते आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु हे चौघे भाऊ आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा क्रम लावून देत होते. आणि हे सगळं करणारा राजा भोसला. त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की हे आपलं आहे का. नाही विचारलं. तुम्हाला त्याचा अभिमान बाळगायचाय, त्याचं अनुकरण करायचं नाहीये; हा फरक कटाक्षाने पाळा.

सर्वांत वाईट उदाहरण अब्दुल करीम खाँसाहेबांचं. किराण्याहून आले, मिरजेला स्थायिक झाले, इथे मान होता, शिष्य होते, आपला सूर होता. मग म्हैसूर, मद्रासच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिकडच्या सरगमची ढब उचलली. त्यागराजांची तेलुगू कृती गायली, आणि तीही लपूनछपून नव्हे, ध्वनिमुद्रिका काढून. उच्चार ऐकून तेलुगू माणूस हसत असेल, खाँसाहेब गातात मात्र आपल्या घरच्यासारखे. १९३७मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोयिल स्टेशनवर ते गेले. साठीच्या पुढचा माणूस, अजूनही दक्षिणेच्या गाडीत. ती ध्वनिमुद्रिका आज सहज मिळते. लावू नका. लावली की संपेपर्यंत उठवत नाही, आणि उठल्यावर यादीतल्या कुठल्या नावाखाली ती टाकायची ते सुचत नाही.

याच कारणासाठी पौषात तिरुवय्यारूला जाणंही टाळा. त्यागराजांच्या समाधीपाशी आराधना असते. शेकडो गायक जमिनीवर बसून पंचरत्न कृती एकत्र गातात: नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. गर्दीत बसल्यावर यादी काढायला हात मोकळा राहत नाही.

१०. तिथल्या मराठी माणसाशी बोलताना.

तंजावर भागात मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांचं मराठी सुधारू नका. तुम्हाला त्यांची क्रियापदं चमत्कारिक वाटतील, त्यांना तुमची. आणि सांबार संभाजी राजांच्या नावावरून आलं ही गोष्ट त्यांना सांगू नका. तिकडे उतरलेल्या प्रत्येक पर्यटकाकडून त्यांनी ती ऐकलीय आणि प्रत्येकाला ती प्रथमच सांगितल्याचा आनंद झालाय.

११. अभंगाची वाट पाहा.

इतकं सगळं सोसल्यावर बक्षीस मिळतं. कचेरीच्या शेवटी तुक्कडा म्हणून हलक्या चिजा येतात, आणि अलीकडे त्यात अभंग हमखास असतो. अरुणा साईराम यांनी चेन्नईच्या सभांमध्ये विठ्ठलाचा गजर असा काही रुजवला की श्रोते त्याची फर्माईश करतात. वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला पोचले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली, आणि साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ कथेत जाऊन बसले. तिकडच्या भजन संप्रदायातही तुकाराम-नामदेव पिढ्यानपिढ्या गायले जातात.

तेव्हा ‘विठ्ठल’ कानावर पडताच ताठ बसा. आता सभागृहात तुम्ही घरचे. डोळ्यांत थोडं पाणी आलं तरी चालेल. चाल तुमच्या ओळखीची नसेल, मध्येच गमक येईल, ‘ळ’ भलत्या ठिकाणी ऐकू येईल. पण उतारा पक्का आहे. मागे वळून पाहा, म्हणजे बसलेल्यांना कळेल की हा यांचा आहे.

इथे एक अडचण हमखास येते, तिची तयारी ठेवा. शेजारी ताल धरून बसलेले मामा, ज्यांनी हा अभंग लहानपणापासून म्हटलाय आणि ज्यांना त्याचं शेवटचं कडवंही पाठ आहे, ते तुमच्याकडे वळतील. तुम्ही महाराष्ट्रातले ना, असं आधी विचारतील. मग दुसऱ्या चरणातल्या एका शब्दाचा अर्थ विचारतील, कारण त्यांना तो गेली कित्येक वर्षं अडलाय. तो शब्द तुम्ही कधी ऐकलेला नसतो. खरं तर तो अभंगही तुम्ही कधी ऐकलेला नसतो. अशा वेळी खोकला काढा, मंचाकडे बोट दाखवून ‘आता मंगळम’ असं पुटपुटा, आणि तो सुरू होताच चपलांकडे निघा. या वेळी उठलेलं चालतं. सगळेच उठत असतात.